पिकअप आणि पुलिंग

कुसुमकाकूंचं नाव मी सगळ्यांत आधी लिहितो. लेख त्यांच्या नवऱ्यावर आहे, माधवकाकांवर. पण काकू नसत्या तर काकांचा चेहरा मला शेवटचा बघायला मिळाला नसता, आणि मग हे लिहायलाही मी बसलो नसतो. काकूंनी काय केलं, तर त्या नाही म्हणाल्या. एवढंच. मुलगा, फ्युनरल होमचा माणूस, मराठी मंडळातले लोक, सगळे 'उद्या सकाळी उरकून घेऊ' म्हणत होते, तेव्हा त्या सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "बाळू आल्याशिवाय नाही."

बाळू म्हणजे मी. मी त्या वेळी नेब्रास्कात ट्रक चालवत होतो, मागे गोठवलेल्या कोंबड्यांचा माल, आजूबाजूला कापणी झालेलं मक्याचं सपाट रान. फोन काकूंचाच आला. पहिलं वाक्य काय असावं त्यांचं? "बाळू, गाडी चालवतोयस का? आधी बाजूला घे." मी रेस्ट एरियात घेतली, हँडब्रेक ओढला, घेतली म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "हे गेले रे." बाजूने ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकसरशी माझी केबिन हलत होती... ऑफिसातून सांगण्यात आलं की माल डेन्व्हरला उतरव, मग हवं तिथे जा. नोकरी घालवण्याचे दिवस नव्हते, डिझेल भडकलेलं, लोड, म्हणजे माल वाहायची कामं, कमी झालेले, आमच्यातल्या कितीतरी ड्रायव्हरना घरी बसवलेलं. मी माल उतरवला, ट्रक यार्डात लावला आणि डिझेलचा वास येणाऱ्या जॅकेटसकट विमानात बसलो.

माझी बायको सुनंदा तेव्हा काकूंच्या घरीच होती. तिने नंतर सांगितलं की काकांचा मुलगा निखिल, जो कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून आला होता, तो वैतागून म्हणाला होता, "आई, ही इज नॉट इव्हन फॅमिली." त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचा बाप गेला होता आणि त्याला एका ट्रक ड्रायव्हरसाठी थांबायला सांगत होते. काकू म्हणाल्या, "नसेल. पण तो येतोय."

मी तासगावकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर टेंपो. द्राक्षाच्या पेट्या भरायच्या आणि पहाटे मार्केटला लावायच्या, असं माझं आयुष्य चाललेलं. सुनंदा मिरजेला नर्सिंग शिकली, हुशार होती, परीक्षा देत देत तिने अमेरिकेतली नोकरी मिळवली आणि तिच्या पाठोपाठ आम्ही, म्हणजे मी आणि आमची पल्लवी, दोन हजार तीन साली नॉर्थ कॅरोलिनात आलो. मॉरिसव्हिलला अपार्टमेंट घेतलं. वर, खाली, शेजारी सगळे सॉफ्टवेअरवाले. मराठी माणसं भरपूर, त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला मराठी माणसांचीच जास्त धास्ती वाटायची. गोऱ्या माणसाला माझं इंग्रजी कळायचं नाही, तो हसून निघून जायचा. मराठी माणूस मात्र हातात बटाटेवडा घेऊन विचारायचा, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" मग मी कप गोळा करायच्या निमित्ताने उठायचो. पार्ट्यांमध्ये माझ्याइतके कप कुणी गोळा केले नसतील.

काम मिळालं ते अशोकभाईंच्या इंडियन ग्रोसरीत, त्यांची डिलिव्हरीची व्हॅन चालवायचं. अटलांट्याच्या गोदामातून तांदूळ, डाळी, आट्याची पोती आणायची. तेवढं मला येत होतं. एक दिवस व्हॅन चढाला दम टाकायला लागली. अशोकभाई म्हणाले गॅरेजला दाखव. मी गेलो, मेकॅनिकला म्हणालो, "सर, नो पिकअप." त्याने खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, "यस, इट्स अ व्हॅन." मी म्हटलं, "यस, व्हॅन. बट नो पिकअप." तो म्हणाला, "यू वॉन्ट अ पिकअप?" मी म्हटलं, "यस! ओल्ड पिकअप. कम बॅक." त्याने आतल्या माणसाला हाक मारली. आता यांना काय सांगायचं म्हणून मला घाम फुटला, तेवढ्यात मागे खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचणारा एक माणूस वर्तमानपत्राच्या आड गदगदा हलताना दिसला. ते माधवकाका. त्यांच्या गाडीचं ऑइल बदलायला आले होते.

डोळे पुसत उठले आणि मराठीत म्हणाले, "कुठले तुम्ही?"

"तासगाव."

"तरीच. अहो, इथे पिकअप म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. तुम्ही या बिचाऱ्याला सांगताय की मला माझा जुना ट्रक परत पाहिजे." मग त्यांनी मेकॅनिकला नीट समजावलं. तो पण हसला, माझ्या पाठीवर थाप मारली. मी एकटाच हसलो नाही. मला वाटलं, इथेही मी विनोद झालो.

व्हॅनचं इंजिन संपलेलं निघालं. अशोकभाई म्हणाले, नवीन कोण घालतो, भंगाराच्या यार्डातून जुनं बघ, तू टेंपोवाला आहेस, तुला कळतं. काका म्हणाले, मी येतो, मला दुसरं काम नाही. ते असं सहज म्हणाले की मला ते खरं वाटलं नाही. ते खरंच होतं, हे मला पुढे कळलं.

यार्डात काय, मैलभर गाड्या. त्यात मला पाहिजे तेवढ्याच लिटरचं, आठच सिलिंडरचं, त्याच कंपनीचं एक इंजिन दिसलं. मोठ्या कारमधून काढलेलं, स्वच्छ, कमी पळालेलं. यार्डवाला म्हणाला, व्हॅनच्या इंजिनापेक्षा याला हॉर्सपॉवर जास्त आहे. मला तर लॉटरीच वाटली. आमच्याकडे टेंपोचं डिझेल इंजिन जीपला बसवतात, जीपचं पंपाला बसवतात, बसलं की झालं. मी म्हटलं, "काका, हेच. लिटर तेवढेच, ताकद जास्त."

काका म्हणाले, "नको."

"अहो पण का?"

"तू खंबाटकीचा घाट चढला आहेस ना, पेट्या भरून?"

"शंभर वेळा."

"मग टेंपो चढाला लागला की काय करतोस? पाय दाबून इंजिन किंचाळवतोस?"

"छे. खालच्या गिअरला टाकायचं आणि सावकाश ओढू द्यायचं. किंचाळवलं तर वर जाऊन बसतं उकळत."

"झालं तर. याची हॉर्सपॉवर जास्त आहे, पण ती कधी मिळते? किंचाळल्यावर. वरच्या फेऱ्यांना. कारवाल्याला तेच पाहिजे असतं, सिग्नल सुटला की पळायचं, हायवेला घुसायचं, आणि मग निवांत. कारचं इंजिन दिवसभरात पूर्ण ताकद लावतं ती चिमूटभर वेळ. ट्रकवालं, म्हणजे तुझ्या व्हॅनचं असतं तसलं, डोंगर संपेपर्यंत लावतं. म्हणून त्याचा कॅमशाफ्ट, झडपा उघडणारा दांडा, वेगळा घासलेला असतो, खालच्या फेऱ्यांना जोर मिळावा म्हणून. बेअरिंग दणकट, पाण्याचा रेडिएटर मोठा. आकार तोच रे, पण आयुष्य वेगळं धरून बनवलेलं. तू म्हणतोस तो पिकअप, आणि तुला पाहिजे ते पुलिंग."

पुलिंग! हा शब्द मी इकडे आल्यापासून कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आमच्या स्टँडवर ड्रायव्हर नवीन गाडी घेतली की पहिलं तेच विचारायचे, पुलिंग कसं आहे. हा माणूस आयआयटीतून शिकलेला, तीस-एक वर्षं मिडवेस्टात ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला होता. त्याच्या टेस्टच्या खोलीत इंजिन पूर्ण लोडवर आठवडेच्या आठवडे चालवत ठेवायचे, एक्झॉस्टचा पाइप निखाऱ्यासारखा लाल होईपर्यंत. आणि तो पुलिंग म्हणत होता. मला भरून आलं आणि मी वेड्यासारखं बोलून गेलो, "म्हणजे काका, माझंही तसंच म्हणायचं. मी ट्रकचं इंजिन, चुकून कारमध्ये बसवलंय."

काका चिडून म्हणाले, "मी इंजिनाबद्दल बोलतोय. तू प्रत्येक गोष्ट स्वतःच्या अंगाला का लावून घेतोस? चल, ते व्हॅनवालं शोध."

शोधलं. बसवलं. अशोकभाईंची व्हॅन पुढे कित्येक वर्षं चालली.

त्यानंतर काका मला रविवारी शेजारच्या कॅरी गावातल्या त्यांच्या घरी बोलवायला लागले. पण माझी धास्ती काही जात नव्हती. सुनंदा डबल शिफ्ट करायची, पल्लवी शाळेतून आली की इंग्रजीत बोलायची, आणि मी दुकानात पोती उचलायचो. पल्लवीच्या बाईंनी शाळेत बोलावलं तर मी सुनंदाची सुट्टी असेल त्याच दिवसाची वाट बघायचो. एकदा पल्लवी आईला म्हणाली, "डॅडी डझन्ट हॅव टु कम." लहान पोर, तिच्या मनात काही नव्हतं. मला मात्र ते वाक्य झोपू देईना. मी सुनंदाला सांगितलं, मी परत जातो. टेंपो आहे, भाऊ आहे, मी तिकडे बरा. तुम्ही दोघी इथे राहा, मी वर्षातून एकदा येईन. ती रडली नाही, भांडली नाही. तिने काकांना फोन केला.

काका आले ते एकटेच. आमच्या बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. मला वाटलं आता समजावतील, उपदेश करतील. ते म्हणाले, "बाळू, मी रिटायर झालो असं तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. सगळ्यांनाच."

"मला काढलं. एक बैठक झाली, माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोराने समोर पाकीट ठेवलं. निखिल इकडे नोकरीला होता म्हणून इकडे घर घेतलं, तर तो कॅलिफोर्नियाला गेला. आता मी सकाळी उठून दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि लायब्ररीत जाऊन बसतो. काकू विचारत नाही. तिला ठाऊक आहे, पण ती विचारत नाही." मग म्हणाले, "तू जायचं तर जा. पण जायच्या आधी एक कर, ट्रकच्या लायसनला बस. मला कुणाला तरी शिकवू दे. नाहीतर माझं डोकं फिरेल."

मी आजवर अनेकांची मदत घेतली आहे, पण मदत करणाऱ्याने माझ्याकडे अशी मदत मागितलेली मी पहिल्यांदाच बघितली. नाही कसं म्हणणार? मी सुनंदाला म्हटलं, परीक्षा होईपर्यंत थांबतो. नापास झालो की जातो.

आणि नापास होणार याची मला खात्री होती. कारण मोठ्या ट्रकच्या परीक्षेत नुसतं चालवून भागत नाही. आधी परीक्षकाला ट्रकभोवती फिरवायचं, एकेका भागावर बोट ठेवायचं, त्याचं नाव इंग्रजीत सांगायचं आणि तो भाग फुटलेला नाही, वाकलेला नाही, तुटलेला नाही हे मोठ्याने म्हणायचं. नॉट क्रॅक्ड, नॉट बेंट, नॉट ब्रोकन. हे असं पुढून मागपर्यंत. मी वीस वर्षं गाड्यांखाली झोपलेला माणूस, पण तोंड उघडायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

काका समजावून सांगण्यात पटाईत होते, पाठ करून घेण्यात नाही. एअर ब्रेकवरून त्यांची गाडी जी सुटायची ती कुठल्या तरी डोंगरउतारावर जळालेल्या ब्रेकपर्यंत जायची. मग काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, त्याला पास व्हायचंय, पीएचडी नाही करायची!" शेवटी कागद त्यांनीच हातात घेतला. मी डायनिंग टेबलाला ट्रक समजून गोल फिरायचो, काकू एका हाताने थालीपीठ थापायच्या आणि दुसऱ्या हाताने कागद धरून म्हणायच्या, "हं, ब्रेकचा स्लॅक ॲडजस्टर." मी म्हणायचो, "नॉट क्रॅक्ड, नॉट बेंट, नॉट बरोकन." पल्लवी सोफ्यावरून म्हणायची, "बाबा, ब्रोकन. नॉट बरोकन." काकू म्हणायच्या, "पुन्हा. पहिल्यापासून. आरतीत मधलं कडवं गाळतोस का?" पुढे पुढे तर आम्ही चालीवर म्हणायला लागलो. काका बाजूला बसून डोकं धरायचे. म्हणायचे, "मी आयुष्य घातलं या धंद्यात, आणि माझ्या घरात स्लॅक ॲडजस्टरची आरती चाललीय." पण तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी आधी बघितलं नव्हतं. सुनंदाही म्हणाली, काका लायब्ररीत जायचे बंद झाले बघ.

पहिल्या वेळी मी खरंच नापास झालो. परीक्षक गोरी बाई, हातात पाटी, मी तिसऱ्याच भागाला अडकलो. घरी येऊन बॅग काढली. काकूंचा फोन आला, "जेवायला ये. आणि बॅग काढली असशील ती परत ठेव, नापास होणं यात मोजायचं नसतं." दुसऱ्या वेळी मी मनातल्या मनात चाल धरली आणि सुटलो. बाई मध्येच म्हणाली, "आर यू सिंगिंग?" मी म्हटलं, "यस मॅम." पास झालो. काका-काकू बाहेर गाडीत बसले होते. काकांनी मला मिठी मारली नाही, हातात हात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

तेव्हापासून मी ट्रकवर आहे. परत जायचा विषय निघाला नाही. पल्लवीच्या शाळेत करिअर डे असतो, मुलांचे आईबाप येऊन आपापलं काम सांगतात. एका वर्षी ती म्हणाली, बाबा, ट्रक घेऊन या. पार्किंगमध्ये ट्रक लावला, पोरांनी एकेक करून हॉर्न वाजवला. मी काकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "हॉर्न ठीक आहे, त्यांना इंजिन दाखवलंस की नाही?"

रस्त्यावरून मी त्यांना नेहमी फोन करायचो. रॉकी पर्वताच्या चढाला असलो की ते विचारायचे, पाणी किती तापलं, कुठल्या गिअरला ओढतंय, फॅन कधी लागला. मी सांगायचो आणि पलीकडे ते गप्प बसून ऐकायचे. निम्मा चढ तेच चढत असायचे. गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकायला लागलं. जिना चढवेना, पाय सुजायला लागले. डॉक्टरने त्यांना समजावताना म्हटलं, तुमचं इंजिन मोठं झालंय पण ताकद कमी पडतेय. काका डॉक्टरवर रागावले. "त्याला इंजिनातलं काय कळतं!" असं म्हणत राहिले. आमची शेवटची भेट झाली तेव्हा नाकात ऑक्सिजनची नळी होती. मी मुद्दाम इंजिनाबद्दल काही बोललो नाही. तेच म्हणाले, "बाळू, लोड कमी झालेत म्हणे. घाबरलायस का?" मी हो म्हणालो. काकांशी मला खोटं बोलता यायचं नाही. ते म्हणाले, "मीही." एवढंच. ते कशाला घाबरले होते हे मी विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा वाटलं, दोघं घाबरलेले एका जागी बसलोय, हे पुरे आहे...

फ्युनरल होममध्ये मी पोचलो तेव्हा सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. मला मान वर करवेना. काकांना निळा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा. इथे अग्नी द्यायचा म्हणजे एक बटण दाबायचं असतं. निखिल पुढे झाला, बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला. त्याच्याने दाबवेना. मग तो मागे वळून मला शोधायला लागला. "दादा, विल यू..." एवढंच म्हणाला. मी त्याच्या शेजारी जाऊन त्याच्या हातावर हात ठेवला. आम्ही दोघांनी दाबलं.

परत येताना काकांची गाडी मी चालवली, काकू शेजारी. घरासमोर गाडी लावली आणि मी किल्लीला हात घातला, तर काकू म्हणाल्या, "लगेच बंद नको करूस."

मी थांबलो. ट्रकचं ठीक आहे, घाट ओढून आलेल्या ट्रकचा टर्बो तापलेला असतो, तो निवेपर्यंत इंजिन तसंच चालू ठेवावं लागतं. या कारला टर्बोच नाही. काकांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

काकू म्हणाल्या, "यांची सवय. कुठूनही आलो की गाडी थोडा वेळ चालू ठेवायची. मी म्हणायची, अहो, कारला कशाला लागतंय हे? तर म्हणायचे, असू दे. दिवसभर हा माणूस घुम्यासारखा, पण त्या तेवढ्या वेळात बोलायचा. नोकरी गेली ते मला तिकडच्या घरासमोर असंच गाडीत सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी. आत गेल्यावर पुन्हा विषय नाही."

म्हणजे काकूंना ठाऊक होतं ते काकांनी स्वतःच सांगितल्यामुळे. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. इंजिनाचा बारीक आवाज येत होता. निखिल दुसऱ्या गाडीतून उतरून आमच्याकडे बघत होता, पण जवळ आला नाही.

मग काकू म्हणाल्या, "हा मला क्युपर्टिनोला चल म्हणतोय. म्हणतो, आई, तुला गाडी येत नाही, इथे एकटी दूध आणायला कशी जाशील? खरं आहे. यांनी एकदा शिकवायला घेतलं होतं, पार्किंगमध्येच एवढे ओरडले की मी उतरून चालत घरी आले. पण तिथे तरी काय, तिथेही कुणाच्या तरी गाडीची वाटच बघणार ना मी? मला इथून जायचं नाही, बाळू."

मला तेव्हा बोलायला जमलंच नाही, म्हणून इथे लिहितो. काकू, हे छापून आलं की सुनंदा तुम्हाला वाचून दाखवेल. अख्ख्या ट्रकचा एकेक भाग ज्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतला त्यांना एक छोटी कार यायलाच हवी. माझं सध्या काही खरं नाही, पुढच्या महिन्यात ट्रक हातात असेल की नाही तेही सांगता येत नाही. पण मी घरी असेन त्या प्रत्येक रविवारी येईन. देवळाच्या मागचं पार्किंग सकाळी मोकळं असतं. मी ओरडणार नाही. किती महिने लागतील ते लागोत, नापास होणं आपण मोजायचं नाही. तुम्ही सगळ्यांना थांबवून धरलंत त्याची परतफेड होणार नाही, हे मला कळतं. तरी एक दिवस तुम्ही स्वतःची गाडी स्वतः चालवत घरासमोर आणून लावाल, एवढं मी करीनच.